मोठी आई: सूप, सुई आणि ओवी

गोदाकाठची

वडिलांच्या आईला आम्ही सगळी नातवंडं मोठी आई म्हणायचो. तिला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धाला घर भरलं होतं आणि जो तो एकच म्हणत होता, "म्हातारी फार देवभोळी होती हो." बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, तरी मला ते लागलं. मोठ्या आईनं कधी नवस बोलला नाही, अंगारेधुपारे केले नाहीत, कुणा बुवाच्या पायाशी जाऊन बसली नाही. तिची भक्ती तिच्या बोटांत होती. विडी वळताना, गोधडी शिवताना, ओवी जुळवताना जे काही चालायचं, तेच तिचं देवाचं. जवळच्या माणसांनाही हे नीट दिसलं नाही असं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

माहेर सिन्नर तालुक्यातलं. तिकडे तेव्हा घरोघर विड्या वळल्या जायच्या, त्यामुळे परकर नेसायच्या वयातच सूप मांडीवर आलं. लग्न होऊन पंचवटीत आली तेव्हा हुंड्यात काही नव्हतं, पण हातात कसब होतं. आजोबा भांडी बाजारात हमाली करायचे. ते लवकर गेले. वडील तेव्हा शाळेत होते, आत्या त्याहून लहान. त्यानंतरचं घर विड्यांवर उभं राहिलं.

ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. टेंभुर्णीची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी ती लवचीक होतात. मग पत्र्याचं माप पानावर ठेवून कातरीनं तेवढाच चौकोन कापायचा. जाड शीर मधे आली तर विडी नीट वळत नाही, म्हणून माप कुठे ठेवायचं ते पान बघून ठरवायचं. मोठी आई पान उजेडाकडे धरायची, एकदाच बघायची, आणि जिथे दुसरीला दोन विड्या निघाल्या असत्या तिथे तिची तिसरी निघायची. चिमूटभर तंबाखू, बोटांनी एक वळसा, वरचं तोंड नखानं दुमडून बंद, खाली दोऱ्याचे वेढे. हे सगळं सांगायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्म्यात तिची विडी सुपात पडलेली असायची. पंचवीसचा एक कट्टा. मजुरी हजारावर. कारखान्यात दिवाणजी मोजून घ्यायचा आणि मनाला येईल ती विडी छाट म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे नाहीत. मोठ्या आईला लिहिता येत नव्हतं, पण भिंतीवर कोळशानं रेघा मारून तिनं ठेवलेला हिशेब दिवाणजीलाही खोडता यायचा नाही.

पुढे विडी कामगारांसाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला. तिनं स्वतः चौकशी करून ओळखपत्र काढून घेतलं. त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते हे आमच्या गल्लीत तिनं पहिल्यांदा शोधून काढलं. वडील त्यावर शिकले. अशा बाईला भोळी कसं म्हणायचं?

आता ओव्या. लहानपणी तिनं आईबरोबर जात्यावर दळलं होतं, त्या ओव्या पाठ होत्या. नाशकात आल्यावर दळण गिरणीत जायला लागलं, जातं कोपऱ्यात गेलं. पण ओवी थांबली नाही, ती सुपावर आली. दुपारी चार-पाच जणी आमच्या ओसरीवर सुपं घेऊन बसायच्या आणि हाताच्या ठेक्यावर एकीनं सुरू केलं की दुसरी उचलायची. मोठी आई नव्या ओव्या बसल्या जागी रचायची. ही तिचीच:

*सूप मांडीवरी, पान फिरे बोटामंदी*
*इठ्ठल बसला गं माझ्या दोऱ्याच्या गाठीमंदी*

आणि दिवाणजीनं फार छाट काढली त्या दिवशीची ही:

*दिवाणजी बाई, काढी हजाराची छाट*
*निवृत्तीनाथा दारी सम्द्यांना एक वाट*

ती माळकरी होती. विड्यांना बसताना तुळशीची माळ पदराच्या आत सरकवून घ्यायची, तंबाखू लागू नये म्हणून. दोन्ही एकादश्या, आणि पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तीनाथांची यात्रा. पौष वद्य एकादशीला तिथे गावोगावच्या दिंड्या येतात. नाशिकहून अंतर अठ्ठावीस-तीस किलोमीटर, आणि पौषातली नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पहाटे निघणं म्हणजे काय ते सांगायला नको. दिंडीबरोबर ती चालत जायची. पंढरपूरला मात्र तिला फार उशिरा जायला मिळालं. आधी कधी जमलंच नाही, तेवढे दिवस हात थांबवणं परवडणारं नव्हतं. ज्येष्ठात निवृत्तीनाथांची पालखी नाशकातून जायची तेव्हा ती रस्त्यावर उभी राहून दर्शन घ्यायची, वारकऱ्यांना भाकरी-पिठलं द्यायची आणि परत सुपाशी यायची.

आणि गोधड्या. घरातली जुनी लुगडी, आजोबांचे सदरे, आमचे आखूड झालेले फ्रॉक. शिवायला बसली की ओसरी झाडून त्यावर थर अंथरायची, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, इस्त्री आणि धान्याचा डबा ठेवायची, म्हणजे कापड सरकत नाही. मग कडेनं धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन करत आत यायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा आणि दोन टाक्यांतलं अंतरही तेवढंच. माप कुठेही आखलेलं नसायचं.

तिची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे रथाची गोधडी. रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, काळारामाचे रथ निघतात हे नाशिककरांना सांगायला नको. रामरथ आणि गरुडरथ. तिनं दोन्ही रथ कापडाचे कापून गोधडीवर लावले. चाकांना लाल काठ, कळसाला जरीचा तुकडा, दोरखंडाला चक्क विडीचा दोरा वळून वळून जाड केलेला. रथापुढे रामाकडे तोंड करून उलट्या पावली चालणारे बुवा असतात ना, तेही तिनं लावले. बुवांचे पाय मागे पडताहेत हे दाखवायला धोतराची चुणी तिनं उलट्या दिशेला घातली आहे. चित्रकला कुणी शिकवली नव्हती. वर्षानुवर्षं गर्दीत उभं राहून तिनं ते बघितलं होतं.

पुरांविषयी थोडं. आमचं जुनं घर नदीच्या उताराला. पाऊस लागला की ती गल्लीतल्या पोरांना विचारायची, "मारुतीच्या कुठवर आलंय?" नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की सामान वर न्यायला सुरुवात. १९६९ चा पूर तिनं पाहिला होता. २००८ च्या सप्टेंबरात पाणी घरात शिरलं तेव्हा तिनं आधी गोधड्या माळ्यावर टाकल्या, मग देव, मग डबे. आत्या ओरडली, "आधी देव घे!" तर म्हणाली, "देवाला पोहता येतं, गोधडीला न्हाई येत."

तुमच्याकडेही अशा आज्या असतील. त्यांनी हातानं काय केलं ते लिहा. स्वभाव सगळेच सांगतात.

तिवंधा_चौक

ताई, एका दमात वाचलं. रथाची गोधडी बघायचीच आहे, फोटो टाकता आला तर टाका.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: रामरथ नदी ओलांडत नाही, गरुडरथ पलीकडे गावात येऊन फिरतो. आम्ही जुन्या नाशकातले, त्यामुळे लहानपणी दारात यायचा तो गरुडरथच. रामरथ बघायला आजी आम्हाला हाताला धरून पुलावरून पंचवटीत न्यायची. तुमच्या मोठ्या आईनं दोन्ही रथ एका गोधडीवर आणले, हे मला फार भावलं.

आमच्या आजीचं हाताचं काम म्हणजे रंगपंचमी. आमच्या चौकात पेशवेकाळापासूनची रहाड आहे, म्हणजे रंगाचं पाणी भरायचा जमिनीतला हौद. ती उघडली की घरातल्या बायका पूजेची तयारी करायच्या. आजी फुलांपासून रंग उकळायची, मोठ्या पातेल्यात. हातांना चढलेला रंग पुढे कितीतरी दिवस जायचा नाही आणि त्याचा तिला अभिमान असायचा.

येवल्याची_लेक

माझी आजी पैठणीच्या घरातली. मागावर आजोबा बसायचे, नाव त्यांचं व्हायचं. आजी रहाटावर कांड्या भरायची. रेशीम तुटलं की गाठ अशी मारायची की बोट फिरवलं तरी लागायची नाही. पदरावरचा मोर कुठल्या रंगाचा असावा ते तीच ठरवायची आणि आजोबा मुकाट ऐकायचे. गिऱ्हाईक मात्र सगळं आजोबांशी बोलायचं.

"स्वभाव सगळेच सांगतात" हे अगदी पटलं. आजी गेल्यावर आम्हीही "शांत होती, सोशिक होती" एवढंच म्हटलं. रंग तिनं निवडले होते हे कुणी बोललंच नाही.

स्पष्ट_मत

लेख सुंदर आहे, पण एक गोष्ट खटकली ती मोकळेपणाने लिहितो. विडीच्या कामात भक्ती, कला, लय वगैरे शोधताना आपण त्या कामाची किंमत विसरतो. तंबाखूची धूळ दिवसभर नाकातोंडात. मान खाली, पाठ वाकलेली, डोळे जातात. मजुरी तुकड्यावर आणि वर छाट. माझ्या आईच्या मावशीनं जन्मभर हेच केलं आणि शेवटी खोकून खोकून गेली. तिला कुणी विचारलं असतं तर तिनं ओव्या नको, चार पैसे जास्त द्या असंच म्हटलं असतं. बायकांच्या कष्टांवर भक्तीचं पांघरूण घालायची आपल्याला सवय आहे. राग मानू नये.

गोदाकाठची

राग अजिबात नाही. तुम्ही लिहिलंय ते खरं आहे आणि ते मी लेखातच लिहायला हवं असं आता वाटतंय, म्हणून इथे लिहिते.

मोठ्या आईलाही शेवटची वर्षं खोकला होता. रात्री झोपून राहवायचं नाही, भिंतीला टेकून बसायची. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट पूर्ण सरळ होत नव्हतं. पेन्शन मिळायची, पण त्या रकमेत महिन्याची औषधंसुद्धा भागत नव्हती. हे सगळं तिला स्वच्छ कळत होतं. म्हणूनच तिनं आत्याला किंवा आम्हा नातींपैकी एकीलाही सुपाला हात लावू दिला नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, "पोरगी रिकामी बसलीय, दोरा तरी बांधू दे." ती सूप उचलून आत न्यायची आणि आम्हाला पुस्तक घेऊन ओसरीवर बसवायची. मी पाचवीत गेले त्या वर्षी तिनं रचलेली ओवी आहे:

*नात चालली शाळंला, पाटी-दप्तर हातात*
*माझी कातर राहू दे, देवा माझ्याच सुपात*

तिनं देवाकडे काही मागितलं असेल तर एवढंच. तुमच्या आजींना ओव्या नको, पैसे हवे होते. आमच्या मोठ्या आईला दोन्ही हवं होतं, आणि पैशासाठी ती दिवाणजीशी भांडलीसुद्धा. एकदा छाट फार काढली म्हणून तिनं गल्लीतल्या सगळ्या बायकांना घेऊन कारखान्याच्या दारात सुपं उलटी ठेवून बैठक मारली होती. त्या दिवशीही ओव्या म्हटल्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून छाट कमी झाली.

स्पष्ट_मत

हे वाचून बरं वाटलं. तिसरी ओवी वाचून आईला फोन केला. तिच्या मावशीला काही येत होतं का विचारलं. आई म्हणाली, "येत होतं की, तुम्ही कुणी विचारलंच नाही." दोन ओळी तिला आठवल्या, त्या लिहून घेतल्या आहेत.

त्रिरश्मी

धागा पंचवटीचा आहे म्हणून माझ्या आजीविषयी लिहितो. ती पण पंचवटीच्या जवळचीच, पण काळारामाच्या मंदिराची तिची आठवण वेगळी. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, पुढे १९३५ पर्यंत चालला. दादासाहेब गायकवाड आघाडीवर होते. आजीचे वडील त्या सत्याग्रहींत होते. रथाच्या दिवशी काय झालं, दगड कसे आले, हे ती वडिलांकडून ऐकलेलं आम्हाला सांगायची. तेव्हा तिचा आवाज चढायचा नाही, पण हातातलं काम थांबायचं. एरवी ते कधी थांबायचं नाही.

१९५६ नंतर घर बौद्ध झालं. आजीची श्रद्धा तितकीच पक्की, फक्त दिशा बदलली. बुद्धपौर्णिमेला त्रिरश्मी लेण्यांवर, म्हणजे पांडवलेण्यांवर, जायचं म्हणजे जायचं. पायऱ्या चढताना आम्ही थकायचो, ती नाही. लेण्यातल्या बुद्धमूर्तीसमोर ती स्वतः शिवलेलं पांढरं आसन अंथरून वंदना म्हणायची. ते आसन म्हणजेसुद्धा गोधडीच. पांढऱ्यावर पांढरा दोरा, जवळून बघितलं तरच टाके दिसतात. मधोमध पिंपळाचं पान.

ताई, तुमच्या मोठ्या आईनं रथ शिवला, माझ्या आजीनं पिंपळपान. एकाच नदीच्या काठी. दोघींची गाठ पडली असती तर टाक्यांवरून नक्की बोलणं झालं असतं.

गोदाकाठची

दादा, हे तुम्ही इथे लिहिलंत याचं मोल फार आहे. रथाविषयी लिहिताना हा इतिहास माझ्या मनात होता, पण तो तुमच्या घरातून येणं हेच बरोबर. "सम्द्यांना एक वाट" ही ओळ मोठ्या आईनं दिवाणजीला उद्देशून केली असं आम्ही धरून चाललो होतो. तुमचं वाचल्यावर वाटतंय की पंचवटीत राहून ती ओळ सुचायला आणखीही कारणं असतील. पांढऱ्या आसनाचा फोटो मला बघायला आवडेल.

खानदेशी_वारा

आमची आजी धुळ्याकडची. चैत्रात सप्तशृंगीला पायी. पायाला फडकं बांधून चालायची आणि वाटेत विसाव्याला बसली की पिशवीतून लोकर काढून विणायची. गड चढेपर्यंत एका बाळाची टोपी व्हायची. ती टोपी गडावर भेटेल त्या बाईच्या कडेवरच्या लेकराला घालून यायची. देवीला काय वाहिलंस विचारलं तर म्हणायची, "वाहिलं ना, तिच्याच लेकराला."

वाचनवेडा_नाशिक

एक सुचवू का? या ओव्या वहीत राहिल्या तर पुढच्या पिढीत जातील. जात्यावरच्या ओव्यांचं मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आज इंटरनेटवर गायलेल्या आवाजासकट ऐकता येतात. त्यातून शिकण्यासारखं एक आहे: ओवी जशी म्हटली तशीच लिहायची. "इठ्ठल"चं "विठ्ठल" करायचं नाही, "सम्द्यांना"चं "सगळ्यांना" करायचं नाही. कुणी म्हटली, कुठे, काय करताना म्हटली हेही शेजारी लिहायचं. आणि शक्यतो आवाज घ्या. ओवीची चाल कागदावर येत नाही.

ओसरीवर त्यांच्याबरोबर बसणाऱ्या ज्या कुणी आज आहेत, त्यांच्याकडे आधी जा. वय झालेलं असेल.

गोदाकाठची

लाखमोलाची सूचना. आवाज आमच्याकडे थोडासाच आहे. भावानं एकदा मोबाइलवर घेतलेला, त्यातही मागे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आहेत. ओसरीवरच्या दोघी अजून आहेत, त्यातल्या एक मावशी विडी कामगार नगरला लेकाकडे असतात.

रानजाई

मला गोधडीबद्दल विचारायचंय. आजीनं शिवलेली एक माझ्याकडे आहे, लुगड्यांचा वरचा थर फाटायला लागलाय. धुवायला भीती वाटते, न धुता ठेवायलाही भीती वाटते. काय करावं?

येवल्याची_लेक

रानजाई, मशीनमध्ये अजिबात टाकू नका. रिठ्याच्या कोमट पाण्यात मोठ्या टबात बुडवून हातानं दाबत धुवा, पिळू नका. उचलताना ओल्या गोधडीचं वजन फार होतं आणि तिथेच जुनं कापड फाटतं, म्हणून खाली चादर घालून दोघींनी चादरीसकट उचला. दोरीवर टांगण्यापेक्षा खाटेवर पसरा. थेट उन्हात रंग उडतो, सावलीत वाऱ्यावर वाळू द्या. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या सुती धोतरात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला आणि वर्षातून दोनदा काढून घडी बदला. एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिली की तिथे चिरते.

फाटलेला थर काढू नका. त्यावर पातळ मलमल ठेवून बारीक टाके घाला, खालचं दिसत राहील.

देवळाली_लोकल

रानजाई, आमच्याकडे उलटं करतात. फाटलं की त्यावर नवीन ठिगळ. आजी म्हणायची गोधडी कधी पूर्ण होत नसते. तिच्या गोधडीवर आता माझ्या मुलीच्या शाळेच्या गणवेशाचा तुकडा आहे, मीच लावला. टाके वाकडे आलेत पण ते राहू दिलेत. वापरायची असेल तर ठिगळ, जपून ठेवायची असेल तर मलमल, असं मला वाटतं.

गोदाकाठची

देवळाली_लोकल, मोठी आईही ठिगळाच्या बाजूची होती. तिच्या गोधड्या पांघरायच्याच होत्या. एखादी कपाटात दिसली की रागवायची, "पोराला थंडी वाजतेय आन् ही कपाटात निजलीय." म्हणून रथाची गोधडीसुद्धा आमच्याकडे वापरात होती. भाऊ आजारी पडला तेव्हा त्याच्यावर, आत्याच्या बाळंतपणात तिच्या बाळावर. गरुडरथाच्या चाकावर दुधाचा डाग आहे तो त्याच बाळाचा, ते बाळ आता इंजिनीअर झालंय. आत्ता मात्र आम्ही ती पांघरत नाही. यावर घरात अजून एकमत नाही. वडील म्हणतात वापरा, आई म्हणते जपा.

तिवंधा_चौक, फोटो काढायला भावाला सांगितलंय. दिवसाच्या उजेडात काढतो म्हणालाय, म्हणजे बुवांच्या धोतराची चुणी दिसेल.

ओसरीवरची

मी पहिल्यांदाच इथे लिहितेय, मुलानं टाइप करायला शिकवलं. मी धागा लिहिणारीची आत्या. सगळं वाचलं, दोनदा वाचलं. बाय, छान लिहिलंस. दोन-तीन गोष्टी सांगते.

पुराच्या वेळी मी ओरडले हे खरं. पण देव माळ्यावर मीच नेले, आईच्या हातात गोधड्या होत्या.

दुसरं, छाटीची ओवी तू लिहिलीस तशी ती नंतर म्हणायची. आधी, मी लहान असताना, अशी म्हणायची:

*दिवाणजी बाई, काढी हजाराची छाट*
*माझ्या पंढरीरायाच्या दारी सम्द्यांना एक वाट*

निवृत्तीनाथ नंतर आले. ती पहिल्यांदा त्र्यंबकच्या दिंडीला जाऊन आली त्या वर्षी तिनं बदललं. मी विचारलं का गं बदललंस, तर म्हणाली, पंढरी मी बघितली न्हाई, तिथलं दार कसं हाय मला काय म्हाईत. त्र्यंबकचं दार बघून आले, तिथं खरंच कुणी अडवलं न्हाई. जे बघितलं तेच ओवीत घालावं. पुढे पंढरपूरला जाऊन आल्यावर मी म्हटलं, आता जुनी म्हण. तर नाही म्हणाली. निवृत्तीनाथ आता बसलेत त्या ओवीत, त्यांना कशाला उठवू.

तिसरं, कारखान्याच्या दारात बसलो तेव्हा मीपण होते, तिच्या मांडीवर. सुपं उलटी ठेवायची ही कल्पना आईची नव्हती, ती शेजारच्या मावशीची. आईनं ओवी सुरू केली. मावशीचं श्रेय मावशीला दे.

वाचनवेडा_नाशिक

आत्याबाई, "जे बघितलं तेच ओवीत घालावं" हे आणि दोन्ही पाठ तसेच्या तसे वहीत उतरवून ठेवा. कुठली आधीची आणि कुठली नंतरची तेही लिहा.

त्रिरश्मी

आत्याबाई, नमस्कार. तुमच्या आईनं दार बघून मग ओवी बदलली, हे माझ्या आईला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं. आसनाचा फोटो उद्या टाकतो.

गोदाकाठची

आत्या, हे मला काहीच माहीत नव्हतं! वर्षभर आम्ही नुसते तिचे फोटो बघतोय आणि तू हे सगळं मनात घेऊन बसलीयेस. मावशींचं श्रेय मावशींना, वरचा मजकूर आता बदलता येत नाही म्हणून इथेच सांगते: सुपं उलटी ठेवायची युक्ती शेजारच्या मावशींची.

रविवारी सकाळी येते. मोबाइल चार्ज करून आणते, वहीपण आणते. त्या मावशींना विडी कामगार नगरहून घेऊन यायला भाऊ गाडी काढतोय, त्यांना आदल्या दिवशी फोन करून ठेव. दोरा बांधतानाच्या ओव्या त्यांनाच जास्त येतात ना? आणि कुकर त्या वेळेत लावू नकोस, जेवण मी करून आणीन.